नाव घ्यायचं राहिलं

गुरुवारच्या घरगुती प्रार्थनासभेत शेवटची प्रार्थना चेतनाने करायची, हे महिला मंडळात ठरूनच गेलं होतं. ती अडखळत नसे आणि लांबणही लावत नसे. त्या गुरुवारी सभा तिच्याच घरी होती आणि प्रार्थनेची विनंतीही तिच्याच आईसाठी, केराबाईंसाठी होती. केराबाईंच्या छातीत गाठ निघाली होती. सकाळीच तिचा बारीक तुकडा तपासणीसाठी काढला होता. चेतनाने डोळे मिटले. डॉक्टरांच्या हातांसाठी, शहरातल्या रुग्णांसाठी, जगातल्या साऱ्या दुःखितांसाठी तिने मागितलं, आणि ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणून आमेन केलं.

बायका चहा घेऊन गेल्या. केराबाई सतरंजीची घडी घालत म्हणाल्या, “समद्यांसाठी मागितलंस. माझं नाव न्हाय घेतलंस.”

“देवाला ठाऊक आहे की, आई.”

“त्याला हाय गं ठाऊक. मला ऐकायचं हुतं.”

केराबाई सांगोल्याकडच्या. शेळी आटली तरी त्या देवबापाच्या कानावर घालायच्या, आणि वर ‘ऐकतोयस न्हवं?’ असं दरडावायच्याही. चेतना बी.एस्सी. झाल्यापासून तिला त्याची थोडी लाज वाटे.

ज्या प्रयोगशाळेत चेतना चौदा वर्षं काम करत होती, तिथेच तो तुकडा आला होता. शुक्रवारभर तिने प्रार्थना करून पाहिली. सात रस्ता चौकातल्या सिग्नलला स्कूटरवर, मग दुपारी जेवणाचा डबा उघडा ठेवून. प्रत्येक वेळी पहिल्या वाक्यालाच गाडी अडायची. फॉर्मॅलिनमध्ये पडलेल्या पेशी कुणाच्या विनवणीने बदलत नाहीत. जशा होत्या तशाच त्या थिजलेल्या असतात. मग मागायचं काय?

शनिवारी सकाळी तिने त्या तुकड्याच्या कापाची काचपट्टी पॅथॉलॉजिस्ट पद्मजा मॅडमना दिली. मॅडम एरवी दोन मिनिटांत निदान सांगून मोकळ्या होत. आज त्या सूक्ष्मदर्शकावरून मान वर करेनात. चेतना दारातच उभी राहिली. घड्याळाकडे पाहायचं नाही असं ठरवून तिने तीनदा पाहिलं.

“नक्की सांगता येत नाही,” मॅडम अखेर म्हणाल्या. “कडेला काहीतरी आहे, पण अर्धवट दिसतंय. अजून खोलातला काप हवा. तू राहू दे, दुसरं कुणीतरी कापेल.”

“मीच देते, मॅडम.”

मेणात बसवलेला तो तुकडा ज्वारीच्या दाण्याएवढा. वाया गेलेला काप परत मिळत नाही. चेतनाने मेणाची वडी काप काढायच्या यंत्रावर चढवली. वडीवर नाव नव्हतं, नुसता आकडा, ४१७. अशा हजारो वड्या तिने नाव न विचारता कापल्या होत्या. तिला गुरुवारची आपली प्रार्थना आठवली. त्या प्रार्थनेत चुकायला जागाच नव्हती. काहीही घडलं तरी ती खरीच ठरली असती, कारण तिने काही मागितलंच नव्हतं. मागितलं आणि मिळालं नाही तर, ही भीती तिने सगळ्या जगाच्या दुःखाखाली झाकून टाकली होती.

यंत्राच्या चाकावरचा हात थरथरत होता. तो थांबेपर्यंत कापता येणार नव्हतं.

“देवबापा,” ती हळू आवाजात म्हणाली. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने मान वळवली, तरी ती थांबली नाही. “ही केराबाई आहे. माझी आई. ही गाठ कॅन्सरची नसू दे. मला ती अजून हवी आहे.”

पेशी बदलणार नाहीत, हे तिला त्याही क्षणी ठाऊक होतं. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे पुढचं नेहमीचं वाक्य ओठांवर आलं, पण ते तिने आत्ता म्हटलं नाही.

हात पुरता थांबला नव्हता, पण कापता येईल इतका थांबला. तिने चाक फिरवलं. पात्याखालून मेणाची पातळ, अखंड फीत निघाली. सुरकुत्या सुटाव्यात म्हणून ती कोमट पाण्यावर सोडून चेतना वाकून पाहत राहिली.

“ऐकतोयस ना?” तिने विचारलं, आणि फीत पसरायची वाट पाहू लागली.