धाकट्याच्या टाकीतली माल्बेक

धाकटा गेला त्याला द्राक्षांचा एक हंगाम उलटला होता, आणि त्याच्या हातची माल्बेक, काळ्या द्राक्षांची लाल वाइन, आज पिंपातून पेल्यात उतरली होती.

वाइनरीच्या तळघरात चाखण्याच्या टेबलाशी तिघं उभी होती: मालक, प्रयोगशाळेतल्या बाई आणि धाकट्याचा थोरला भाऊ. थोरल्याला सगळे नाकदादा म्हणत. तो 'बरी आहे' म्हणाला की वाइन बाटल्यांत जाई, 'नाही' म्हणाला की सिरक्यात. मालकानं त्याचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता.

सकाळीच धाकट्याच्या बायकोनं त्याला जिन्यात गाठलं होतं. ती लेबलांच्या खोलीत कामाला. "दादा, मालक त्या बाटलीवर यांचं नाव छापणार म्हणे. ज्या टाकीनं माणूस गिळला, तिचं लेबल मी माझ्या हातानं डकवू? तुम्ही नाही म्हणा. तुमच्या एका शब्दाचं काम."

थोरला पायऱ्या उतरून गेला होता. जिभेला हाड नसतं म्हणतात. त्याच्या जिभेला होतं. चांगलीला वाईट त्यानं उभ्या जन्मात म्हटलं नव्हतं.

वाइन काढून घेतली की टाकीच्या तळाशी सालींचा चोथा उरतो. तो फावड्यानं उपसायला धाकटा उतरला होता. आंबलेल्या रसाचा वायू तळाशी दबा धरून बसतो; आधी पंखा लावून तो बाहेर काढायचा असतो. मालकाला घाई होती. धाकटा गुणगुणत उतरला, "काळ्या सालीच्या पोटी लाल गं बाई, लालाच्या पोटी ऊन..." आणि ऊन अर्ध्यातच तुटलं.

"नाकदादा, आज नाक घरी ठेवून आलात की काय?" बाई उगाच हसून म्हणाल्या.

त्यानं पेला तिरपा धरला. शाईसारखा रंग, कडेला जांभळी झाक. पिकलेल्या आलुबुखाराचा वास, त्यामागे कोको, आणि कुणी खोलीतून निघून गेल्यावर रेंगाळावा तसा फुलांचा. घोट तोंडात फिरवला. मऊ, खोल, कुठे टोचणं नाही. चाखणाऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे घोट भांड्यात थुंकताना त्याचे डोळे भरले. पोरानं काय करून ठेवलं होतं!

खरं सांगायला त्यानं तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात मालक आपला पेला गोल फिरवत म्हणाला, "थांब रे. तिला जरा श्वास घेऊ दे."

रोजचाच शब्द: पेल्यात वाइनला जरा हवा लागू द्यायची. थोरल्यानंच मालकाला शिकवलेला. पण आज तो कानात शिरला आणि उतरत उतरत त्या टाकीच्या तळाशी गेला.

"बिघडलीय," थोरला म्हणाला.

"काय?"

"बुरशी धरलीय. सिरक्याला द्या."

मालकानं घोट घेतला, कपाळाला आठी घातली. "मला तर छान लागते."

"तुम्हाला लागणारच."

बाईंनी पेला हुंगला, थोरल्याकडे पाहतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "दादा म्हणतात तर असेल."

दुपारी तो लेबलांच्या खोलीत गेला. "झालं, पोरी. एकही बाटली निघणार नाही."

तिनं बोटांचा डिंक पुसला. "खरंच बिघडली होती?"

इथं खोटं बोलवेना. "नाही गं. इतकी चांगली मी कधी चाखली नाही."

"मग मला घोटभर तरी ठेवायची होती, दादा. यांच्या हातचं तेवढंच उरलं होतं."

थोरला तसाच तळघराकडे धावला. वाइन सिरक्यात मिसळून पिंपं धुऊन उपडी घातली होती. टेबलावरचे पेलेसुद्धा.