ओट्याखालची नळी आणि आत्याची गाठ

मी एक जुनी नळी आहे. करडी, घड्याघड्यांची, चार हात लांब. मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. सिंकखालच्या अंधारात कोण डोकावतं? भांडी लख्ख निघाली की कौतुक डिशवॉशरचं होतं. त्याचं खरकटं, तेलकट पाणी मुकाट्याने बाहेर नेते ती मी. असो, तक्रार नाही.

माझा जन्म कारखान्यातल्या गरम साच्यातून झाला. पन्नास बहिणी एकाच लांब दोरीसारख्या निघालो आणि मग आमची ताटातूट झाली. या घरात मला बसवायला आलेला मिस्त्री फार घाईत होता. त्याने मला सिंकच्या पाइपला जोडलं, कपाटाच्या तळाशी तसंच टाकलं आणि तो गेला.

पण या घरात आत्या होत्या. मुलांच्या आत्या, म्हणून माझ्याही आत्याच. त्या पुस्तकबांधणी करतात. छापलेला कागद वाचल्याशिवाय सोडायचा नाही, ही त्यांची खोड. यंत्राची पुस्तिका त्यांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. मग जमिनीवर बसून बांधणीच्या मेण लावलेल्या दोऱ्याने मला ओट्याच्या अगदी खाली, उंच बांधलं. मी वर चढून मग खाली उतरले, की सिंकमधलं घाण पाणी उलटं यंत्रात शिरत नाही. एवढी साधी गोष्ट, पण ती करायला माणूस लागतं.

शिवाय यंत्राच्या पायाशी त्यांनी टीपकागदाची पांढरी पट्टी ठेवली. दर रविवारी ती उचलून बघायची, माझ्या सांध्यांवरून कोरडं बोट फिरवायचं आणि सिंकची जाळी घासायची. मुलांचे बाबा, म्हणजे आत्यांचे धाकटे भाऊ, त्या पट्टीला 'ताईचं सोवळं' म्हणायचे. आत्या हसायच्या आणि पट्टी बदलायच्या. खरं सांगते, इतक्या मायेने मला दुसऱ्या कुणी हात लावला नाही.

एकदा आत्यांकडे शाळेची पन्नास वर्षांची हजेरीपत्रकं बांधायला आली. शाईने लिहिलेली, दुसरी प्रत कुठेच नाही. स्वयंपाकघराला लागून असलेल्या त्यांच्या खोलीत पत्रकांचे गठ्ठे जमिनीवर रचलेले होते. त्याच आठवड्यात बाबांना आवराआवरीची हुक्की आली. मोठा कुकर सिंकखाली मावेना. त्यांनी दोरा कापला, मला तळाशी आडवं केलं आणि कुकर आत सरकवला. कुणाला विचारलं नाही, सांगितलंही नाही. मी काय बोलणार? नळीला तोंडं दोन, पण आवाज एकही नाही!

दुसऱ्या दिवशी पाहुणे जेवून गेले. सिंकची जाळी उचलून कुणीतरी उरलासुरला भात आत लोटला. पाइप तुंबला. यंत्र सुरू झालं, सिंक भरत गेलं आणि ते सगळं घाण पाणी माझ्यातूनच उलटं यंत्रात उतरू लागलं. मला थांबवता येईना. यंत्राचं पोट भरलं आणि दाराच्या फटीतून पाण्याची एक बारीक रेघ निघाली. उतार थेट आत्यांच्या खोलीकडे. मित्रांनो, त्या वेळी मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात आत्या बांधणीची खळ शिजवायला वाटी घेऊन आल्या. त्यांची नजर सवयीने आधी पट्टीवर गेली. पट्टीचं टोक काळं पडलं होतं. त्यांनी वाटी ठेवली, यंत्र बंद केलं, सिंकखालचा कॉक फिरवला आणि कमरेचा ॲप्रन सोडून उंबऱ्याशी दाबला. पाणी थांबलं. पहिला गठ्ठा तिथून वीतभर अंतरावर होता.

बाबा धावत आले. कापलेला दोरा बघून त्यांचा चेहरा उतरला. आता बोलणी बसणार, असं मला वाटलं. पण आत्या नुसत्या आत जाऊन दोऱ्याचं रीळ घेऊन आल्या.

"गाठ तू बांध," त्या म्हणाल्या. "मी घरात नसेन तेव्हाही ती टिकायला हवी."

बाबांची गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली. कुकर माळ्यावर गेला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी कडक झाले आहे. मागच्या रविवारी बाबांचं कोरडं बोट माझ्या एका घडीवर थांबलं. तिथे केसाएवढी चीर होती. पाणी अजून एक थेंबही गळलं नव्हतं, तरी त्यांनी नवी नळी आणली. मला सोडवून ओट्यावर ठेवलं, म्हणून पुढचं सगळं मला उजेडात बघता आलं. नव्या नळीला त्यांनी उंच बांधलं आणि आत्यांना हाक मारली. आत्यांना आता नीट दिसत नाही. त्या हळूहळू खाली बसल्या आणि दोऱ्यावरून बोटं फिरवली.

"माझ्यापेक्षा घट्ट आहे," त्या म्हणाल्या.

 बाबांनी नवी पांढरी पट्टी कापली आणि यंत्राच्या पायाशी सरकवली.

मित्रांनो, फुटल्यावर सगळेच धावतात. आम्ही कोरड्या असतो तेव्हा आमच्याकडे एकदा वाकून बघा. मला तसं बघणारी दोन माणसं मिळाली, मी भरून पावले.