पाठीवर अर्ज, पोटात नाटक

मी डेस्क बोलतोय. सागाचा, उतरत्या झाकणाचा, मांडी घालून बसणाऱ्यासमोर ठेवायचा. कोंढा गावातल्या घरात माझी जागा खिडकीपाशी. तिथून तलाव दिसतो. पाणी दिसलं की मला जंगल आठवतं. बोलता बोलता भरकटलो, तर सांभाळून घ्या.

अड्याळच्या केवळराम सुताराने मला १९७८ साली घडवलं. माझा धनी इश्वर तेव्हा पुण्याहून पदवी घेऊन परतला होता. नागपूरच्या एका कचेरीत त्याला कारकुनाची जागा मिळत होती. पण तो केवळरामला म्हणाला, "लिहूनच जगायचं ठरवलंय, काका. आपल्याच माणसांत राहून."

केवळराम रंधा मारता मारता हसला. "मंग मजबूत करतो जी. कागदापेक्षा डोकंच जास्त टेकवशीन याच्यावर."

तसंच झालं.

बाजाराच्या दिवशी इश्वर मला सायकलला बांधून अड्याळला नेई. चिंचेखाली बसून माझ्या पाठीवर लोकांचे अर्ज लिही, पत्रं लिही. अर्जाला आठ आणे, पत्राला चार. हात चालेल तितकीच मिळकत. घरी आला की झाकण उघडून माझ्या पोटातून वेगळीच पानं काढी. ते नाटक होतं. एकदा लिहिलं की आपण निजलेलो असलो तरी ते कुठेतरी बोललं जाईल आणि घरात चार पैसे धाडील, असं त्याचं स्वप्न. मलाही ते पडू लागलं. पानांना पाय फुटायचे आणि ती धानाच्या बांधावरून, पांढऱ्या बगळ्यांसारखी, गावोगाव निघून जायची.

त्याची आई, चंद्रभागाबाई, स्वप्नं पाहणारी नव्हती. "होळीपावतर पाहतो," ती म्हणाली. "नाई जमलं त नागपूरले जा. मले आता चिखलात वाकून धानाचा रोवणा होत नाई रे."

नाटक लिहून झालं. दिवाळीआधी गावच्या नाटक मंडळाचा टेकचंद आला. "चारशे घे आन मोकळा हो. नाटक आमचं."

"विकत नाही, टेकचंदभाऊ. दर प्रयोगाचे वीस द्या."

"झाड तुह्यं, आन फळं आमी विकत घ्याची? पुण्याले हेच शिकवते का?" टेकचंद कुरकुरला, पण पहिले वीस हातावर ठेवून गेला.

इश्वरने त्या दिवसापासून बाजार सोडला. आता वीस-वीस येत राहतील, आपण दुसरं नाटक लिहू, असं म्हणून तो खिडकीत बसला. दिवाळीनंतरच्या मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस आले, गावोगाव नाटकं रंगली. आमच्याकडे मनीऑर्डर घेऊन पोस्टमन काही येईना. दुसरं नाटकही येईना. कोरा कागद माझ्या पाठीवर उन्हात पिवळा पडत गेला. पौष संपता संपता नागपूरच्या कचेरीचं पत्र मात्र आलं: होळीपर्यंत कळवावे.

"लोकं तुले बाजारात विचारून राहिले," आई म्हणाली. "जा ना एकदा."

तो गेला. पहिलीच आली शकुनबाई, तलावापलीकडच्या गावची. मुलगा भिलाईला होता, त्याला पत्र धाडायचं होतं.

"लिव्ह जी. 'बापू, तुह्या नावाचा घास काढूनच जेवतो मी. मांजर खाते, तरी काढतो.'"

इश्वरची लेखणी थांबली. "मावशी, हे कुठे ऐकलं?"

"आमच्या मंडईत नाटक झालं ना. त्यातली माय म्हणते. मी लय रडली. लिवणारा कोनी नागपूरचा मोठा मानूस असन."

ओळ इश्वरची होती.

आमच्याकडे प्रत्येक नटाला त्याची भूमिका वेगळी उतरवून देतात. तिला नक्कल म्हणतात. त्या नकला नटांसोबत कुणाच्या सासुरवाडीला, कुणाच्या मामाच्या गावाला गेल्या होत्या. टेकचंदलाही पत्ता नव्हता. पानांना खरंच पाय फुटले होते, फक्त परतीची वाट कुणी सांगितली नव्हती.

"हे मी लिहिलंय, मावशी."

शकुनबाईने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग सांगत काहून नाई? तोंडात जीभ नाई का?"

त्या दिवशी चिंचेखाली आलेल्या प्रत्येकाला त्याने विचारलं, तुमच्याकडे कोणतं नाटक झालं. सात गावं निघाली. घरी येऊन रागाने एक लांबलचक पत्र लिहिलं, फाडलं, आणि सात साधी पोस्टकार्डं लिहिली: नाटक माझं आहे, प्रयोगाचे वीस पाठवा, पुढचं नाटक आधी तुम्हाला वाचून दाखवीन.

तीन गावांनी मनीऑर्डर केली. एका गावाने तांदळाचं बोचकं धाडलं. उरलेल्या तिन्हींकडून काहीच आलं नाही.

होळीच्या आदल्या दिवशी आई नागपूरचं पत्र घेऊन माझ्यासमोर बसली. तिने विचारलं, "बाजार सोडशीन का आता?"

"नाही."

"मंग लिव्ह त्याईले, येत नाई मनून."

आज १९८६ चालू आहे. इश्वरची तीन नाटकं आमच्या या झाडीपट्टीच्या मुलखात फिरतात, आणि तो अजून चिंचेखाली बसतो. टेकचंद चिडवतो, "आता कायले आठ आण्यासाठी ऊन खातेस?" इश्वर हसून पुढचा अर्ज ओढतो. माणसं बोलतात, तो ऐकतो.

माझ्या पाठीवर शाईचे डाग आहेत, एक पाय डुगडुगतो. उद्या बाजार. अड्याळच्या रस्त्यावर आमची सायकल दिसली, तर माझी दोरी तेवढी आवळून द्या. आत चौथ्या नाटकाची आठ पानं आहेत, आणि त्यातल्या दोन बहिणी नुकत्याच भांडायला लागल्या आहेत.