साहेब सोमवारी येनार

"माह्यं गेट कावून बंद केलं?" मी टिकारामभाऊले इचारलं. टिकाराम आमच्या नहरीचा, म्हंजे कालव्याचा, सब-इंजिनियर. वावरात पानी सोडाच्या साऱ्या गेटांची चावी त्याच्याच खिशात.

"उद्या बँकेचा साहेब येऊन राहिला. पानी शेवटच्या वावराच्या बांधीत दिसलं पाह्यजे."

बँक म्हंजे आपल्या दुर्ग शहरातली नाई, परदेशातली. आपन जसे सोसायटीचे मेंबर, तसा आपला देश तिचा मेंबर. उतई गावाच्या पुढं नहर पक्की कराले सरकारनं तिच्याकडून कर्ज काढलं, अन् पुढचा हप्ता सोडाच्या आधी तिचा मानूस तपासाले येते. नहर पक्की झाली, पन पानी आम्ही वरचेच घेऊन टाकतो. शेवटाले सत्यभामाकाकूचे दोन एकर. धान निसवाले आलेलं, म्हंजे लोंब्या निंघाचा वक्त, अन् बांधीत पाय जाईन एवढ्या भेगा. चार दिवस सलग पानी नाई भेटलं तं सारं पोचट. काकू रोज माह्या दारात येऊन सांगे, मी रोज आयकून घेवो. खोटं कायले बोलू.

गुरुवारी वरचे सारे गेट बंद. काकूच्या बांधीत पानी आलं. साहेबानं बांधावर उभं राहून फोटो काढले. टिकाराम फोन घेऊन दूर गेला, तेवढ्यात साहेब इंग्रजीत काहीतरी बोलला. काकूची सून ममता भिलाईले सेक्टर दहाच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, तिनं सासूले समजावलं. मंग जीप गेली.

टिकाराम चावी काढून गेटाकडं निघाला.

"उघडू नोका, भाऊ," काकू म्हने. "साहेब सोमवारी परत येनार हाये. न सांगता."

"मले तं बोलले नाई."

"तुमाले सांगतलं असतं तं न सांगता कसं झालं असतं?"

टिकारामनं ममताकडं पाह्यलं. तिनं हो म्हनून मान हलवली. परदेशी साहेबाले फोन लावून इचाराची काई त्याची छाती नवती. चावी खिशात गेली.

सोमवारपर्यंत माह्यं गेट बंद. मी शिव्या देल्या, पन टिकारामले नाई, बँकेले. सोमवारी कोनी आलं नाई. मंगळवारी बी टिकाराम इस्तरीचा शर्ट घालून नहरीवर उभा होता. काकूचं धान सारं निसवलं.

कापनीच्या वक्ती मी ममताले इचारलं, "सूनबाई, साहेब खरं काय बोलला होता वं?"

"इथं ऊन लय हाये म्हने."

काकू बाजूलेच पेंढी बांधून राहिली होती. मान वर न करता बोलली, "पुढच्या वर्षी बी येनार हाये तो. टिकारामले सांगून ठेवलं मी."