न उडालेल्या गोळीची साक्ष

मी डमी गोळी बोलते आहे. अक्कांची जागा राखण्यात माझा वाटा इतकाच, की चाप ओढल्यावर मी उडाले नाही.

माझा जन्म लेथ यंत्रावर झाला. अंग पितळेचे, आकार खऱ्या गोळीचा. परंतु पोटात दारू नाही आणि बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीऐवजी लाल रबर. खऱ्या गोळीचे आयुष्य एका क्षणात संपते. मी मात्र नेमबाजी शिकवणाऱ्या उस्तादांच्या साबणाच्या डबीत नऊ वर्षे नांदले आहे.

अक्का म्हणजे बँकेच्या रोकडगाडीवरील पहारेकरी. अठरा वर्षांत प्रथमच त्यांचा नेम चुकू लागला. दोन चाचण्या हुकल्यावर साहेबांनी बजावले, "आज जमलं नाही, तर फाटकावरची वही सांभाळा." अक्का पिस्तुलाला दोष देत; मनातून मात्र डोळे अधू झाल्याच्या भीतीने त्या पोखरल्या होत्या.

"पिस्तूल खाली ओढतंय, उस्ताद."

"नाचता येईना, अंगण वाकडे!"

"मग अंगण बदलून बघा की एकदा!"

उस्तादांनी अक्कांकडे पाठ करून त्याच पिस्तुलात खऱ्या गोळ्यांमध्ये मला भरले आणि ते अक्कांच्या हाती दिले. पहिली उडाली, दुसरी उडाली. तिसरी मी. 'खट्' एवढाच आवाज झाला; तरी पिस्तुलाचे तोंड टपकन खाली गेले.

"नळी समोरच ठेवा, बोट चापाबाहेर," असे म्हणत उस्तादांनी पिस्तूल रिकामे करून घेतले. "पाहिलंत? बार झालाच नाही, तरी हात दचकला. मागे कान न झाकता गोळी झाडलीत, तीन दिवस कान वाजले. हाताला अजून तीच धास्ती आहे."

"म्हणजे डोळे ठीक आहेत माझे?"

"डोळ्यांना काय धाड भरलीय! भित्रा हात शिकवता येतो."

अक्का बाकावर बसल्या आणि डोळे पुसत हसू लागल्या. "तीन चष्मेवाल्यांना छळलं हो मी! तिसरा म्हणाला, बाई, समोरच्या दुकानाची पाटीसुद्धा वाचलीत, आता घरी जा!"

चाचणी पाहायला आलेले साहेबही हसले.

मग ठरले ते असे: खरी गोळी एकही नसलेल्या खोलीत, पिस्तूल दोघांनी तपासल्यावर, अक्कांनी मला भरून रोज वीस वेळा चाप ओढावा; महिन्याने पुन्हा चाचणी व्हावी; तोवर गाडीवर बदली माणूस जावा, परंतु जागा अक्कांचीच राहावी. साहेबांनी ते मान्य केले, उस्तादांनी जबाबदारी घेतली आणि अक्का म्हणाल्या, "वीस कशाला, पंचवीस!"