कॉस्मेची अस्सल व्हिटकोम

आमचा शेजारी कॉस्मे एखाद्या रविवारी चर्चमधली मिस्सा चुकवेल, पण आपली व्हिटकोम गाडी पुसायची चुकवणार नाही. वाडीत कुणी पर्यटक वाट चुकून आला की याची टकळी सुरू. इंग्लंडात युद्धाआधी अशा फक्त अकरा आलिशान गाड्या बनल्या, मग कारखाना विमानांचे भाग बनवायला लागला आणि हे मॉडेल कायमचं थांबलं. त्यातली एक म्हापशाच्या बड्या व्यापाऱ्यानं आगबोटीनं मागवली. एकसष्ट साली तो लिस्बनला निघाला, तेव्हा जाताना चावी आपल्या ड्रायव्हरच्या, म्हणजे कॉस्मेच्या बापाच्या, हातात ठेवून गेला, आणि बापानं ती गोव्याची हद्द ओलांडून आमच्या वाडीत आणली. मी ही कथा इतक्यांदा ऐकलीय की सांगता सांगता कॉस्मेला ठसका लागला तर पुढचं मी सांगते.

यंदा मात्र गाडीच्या जिवावर बेतलं. कॉस्मेचा मुलगा सनी गोव्यातल्या हॉटेलातली नोकरी सोडून घरी आला. त्याला पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधायच्या होत्या, आणि जागा म्हणाल तर गाडी ठेवायच्या शेडची, म्हणजे मांगराचीच. बापलेकांत बरीच बाचाबाची होऊन शेवटी असं ठरलं की जाणकाराला बोलवायचं. त्यानं गाडी अस्सल म्हटली तर ती राहील, नाहीतर गाडी भंगारात आणि मांगर जमीनदोस्त. कॉस्मे लगेच कबूल झाला. मी कपाळावर हात मारला.

फोंडाघाट उतरून कोल्हापूरचे दत्तप्रसाद आले. जुन्या गाड्यांतला मोठा माणूस. कॉस्मेच्या बायकोनं, जुलियानं, त्यांना आधी सोलकढी पाजली. मग ते गाडीत शिरले ते बराच वेळ बाहेर येईनात.

"हा हॉर्न कुठला?" आतून आवाज आला.

"महादूच्या ट्रॉलरचो," कॉस्मे म्हणाला. "त्याच्या चेडवाच्या लग्नाक गाडी नेली होती."

"आणि दाराची ही पितळी कडी?"

"ती किशोरीच्या माजघराची."

"सीटमध्ये चक्क काथ्या भरलाय."

"तो आमचो," मी मुलाचं लग्न आठवून म्हटलं. "झिलाच्या वरातीक नेली होती."

आता त्या बिचाऱ्या दत्तप्रसादांना हे कसं कळावं? आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. वाटीभर गूळ आणला तर वाटी परत देताना मूठभर कोकमं तरी घालायची. वाडीतली प्रत्येक नवरी, मग ती देवळात जायची असो की इगर्जीत, कॉस्मेच्या गाडीतूनच गेली. एवढं मोठं भांडं रिकामं कसं धाडायचं? म्हणून ज्याला जे मोडलेलं दिसलं, ते त्यानं आपल्या घरातलं काढून बसवून दिलं. कुणी आरसा दिला, कुणी पडदे, आणि एकानं तर होडीचा उरलेला हिरवा रंग.

दत्तप्रसादांनी बाहेर येऊन हात पुसले. "माझ्या माहितीत या मॉडेलच्या चार गाड्या उरल्यात," ते हळूच म्हणाले. "हिला पाचवी म्हणता येणार नाही. मूळ भाग निम्मेसुद्धा नाहीत. हे सगळं काढून जुने भाग बसवले, तर पुन्हा बघू."

कॉस्मेचं तोंड एवढंसं झालं. जुलिया म्हणाली, "बरां झालां. अकरातली एक म्हणान मिरवत होतंस, आता जगात एकच आसा." एरवी तो यावर भांडला असता. तो नुसता जाऊन गाडीच्या पायरीवर बसला, आणि मला फार वाईट वाटलं.

सनी हट्टी असला तरी बेइमान नाही. जुने भाग लोकांच्या पडवीत पडले असतील तर बापाला एक संधी द्यावी, म्हणून तो स्वतः हॉर्न काढून महादूकडे गेला. महादू उखडलाच.

"लग्नात दिलेला परत घेतंत काय रे? उद्या माझा चेडू परत इला म्हणजे?"

लेक सासरी सुखात आहे, पण विषाची परीक्षा कोण घेणार? त्यानं हॉर्न घेतला नाहीच, वर शेजाऱ्याचा पोर रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून सुक्या बांगड्यांची पिशवी दिली. किशोरीनं कडी परत घेतली नाही आणि काजूगर दिले. माझ्याकडे आला तेव्हा मी काथ्याचं नाव काढलंस तर बघ म्हणून दम भरला आणि फणसाचे गरे बांधून दिले. संध्याकाळी सनी हॉर्न, कडी आणि आठवड्याचा बाजार घेऊन घरी आला.

"जुने भाग गावले?" जुलियानं विचारलं.

"नाय." तो पायरीवर टेकला. "किशोरीकाकीच्या तन्वीचा मे महिन्यात लग्न आसा. गाडी मिळात मां, म्हणान काकी विचारी होती. माका नाय म्हणाक जमूक नाय."

कॉस्मे मांगरात गाडी पुसत होता. त्यानं मान वर केली नाही. सनीनं मोबाइल काढला आणि गवंड्याला फोन लावला. "खोली एकच बांधूया," तो म्हणाला. "मागल्यादारी, बावीच्या काठार. मांगराक हात लावू नको."

पुसून झालेलं दार कॉस्मे पुन्हा पुसायला लागला. त्याला चिडवायला यापेक्षा चांगली वेळ मला मिळाली नसती. मी दुसरं फडकं घेतलं आणि पलीकडचं दार पुसायला लागले.