हाताला काम

मालिनीने एकोणीस नंबरच्या फोटोला सात गुण दिले आणि मग जरा विचार करून त्यातला एक काढून घेतला. फोटोतला मुलगा काखेत हेल्मेट धरून उभा होता. दुसरा हात मांडीपाशी नुसताच लोंबत होता, जणू कुणी तिथे विसरून गेलं होतं. ‘हाताला काम द्या, नाहीतर त्याला फ्रेमबाहेर काढा,’ असं तिने खाली इंग्रजीत लिहिलं. हे तिचं ठेवणीतलं वाक्य होतं. ट्रॉय गावातल्या निम्म्या मराठी घरांतल्या मुलांनी ते तिच्या तोंडून ऐकलं होतं.

स्पर्धा ऑनलाइन होती आणि विषय एकच होता, सीनियर पोर्ट्रेट. बारावीचं वर्ष आलं की इकडे प्रत्येक मुलाचा एक साग्रसंगीत फोटो काढतात. तो शाळेच्या इयरबुकात छापतात, नातेवाइकांना पाठवतात आणि दिवाणखान्यात टांगतात. स्पर्धेत फोटोवर नाव नसायचं, नुसता नंबर. भाग घेणाऱ्या प्रत्येकाने इतरांच्या दहा फोटोंवर अभिप्राय लिहायचा आणि दहापैकी गुण द्यायचे. अभिप्राय निनावी. एकदा पाठवला की तो पुसता येत नसे. त्याखाली आणखी काही लिहिता यायचं, पण मग नाव दिसायचं. शेरा मारून पळायचं तर खुशाल पळा, परत यायचं असेल तर तोंड दाखवा, असा एकूण न्याय होता. मुदत रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती. आता सव्वाचार वाजले होते.

तिने पुढचा फोटो उघडला. नंबर सत्तावीस.

फोटोत अंतरा होती. तिची लेक, वरच्या खोलीत आत्ता दार लावून बसलेली.

मागे गॅरेज होतं. दार अर्धवट उघडं आणि तिथून आत आलेला उजेड. कोपऱ्यात बर्फ उपसायचं फावडं, दांड्याला निळी पट्टी गुंडाळलेलं. ते फावडं मालिनीला चांगलंच ठाऊक होतं. ते रुपालीचं गॅरेज होतं.

रुपाली सहा वर्षांपूर्वी नागपूरहून इथे एम.एस. करायला आली, तेव्हा तिला कॅमेऱ्याचं छिद्र आणि शटर यांतला फरक कळत नव्हता. दोन वर्षं ती मालिनीच्या मागे रिफ्लेक्टर धरून हिंडली. मुंजी, बारशी, अरंगेत्रम, सगळीकडे. जेवायला इथेच असायची. मालिनीने तिला आपला जुना ट्रायपॉड दिला, वर दोन लेन्सही दिल्या. आणि आता मंडळाच्या गणपतीचे फोटो रुपाली काढत होती. “मालिनीताई, या वर्षी रुपालीला म्हटलंय हं, तिचे फोटो कसे अगदी नॅचरल येतात,” असं मंडळाच्या सेक्रेटरी बाईंनी तिला तोंडावर सांगितलं होतं. मालिनी तेव्हा हसली होती. घरी येऊन मात्र तिने मोदकांचं पातेलं एवढ्या जोरात घासलं होतं की तिचा नवरा अतुल बघायला आला होता. गुरूची विद्या गुरूलाच फळली, दुसरं काय!

पण गणपती वेगळा आणि अंतरा वेगळी.

अंतराचे सीनियर फोटो मालिनीने ऑक्टोबरातच काढले होते. पार्कात, लालभडक मेपलखाली, हातात व्हायोलिन देऊन. पहिले दोन शनिवार ढग आले म्हणून तिसऱ्या शनिवारी. “हनुवटी खाली. खांदे सैल. आता श्वास सोड.” अंतराने सगळं ऐकलं होतं. त्यांतला एक फोटो स्पर्धेत होता, नंबर एकेचाळीस. त्यावर आतापर्यंत चार अभिप्राय आले होते आणि चौघांनीही ‘तांत्रिकदृष्ट्या निर्दोष’ असंच काहीतरी लिहिलं होतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा बरं वाटलं होतं. चौथ्यांदा नाही.

आणि इथे, या फावड्यासमोर, तीच पोरगी हसत होती. नुसती हसत नव्हती, हसू आवरेनासं होऊन काहीतरी बोलत होती. एक डोळा घट्ट मिटलेला, तोंड अर्धवट उघडं, डावा हात पुढे हवेत, पंजा जमिनीकडे. प्रकाश तिच्या गालावरून असा काही उतरला होता की मालिनीला स्क्रीन बंद करावासा वाटला. हे हसू तिला माहीत नव्हतं असं नाही. ते बंद दाराआडून, फोनवर मैत्रिणींशी बोलताना ऐकू यायचं. मालिनीने दार उघडलं की थांबायचं. सतरा वर्षं ती त्याच्या मागे कॅमेरा घेऊन धावली होती. रुपालीला ते एका दुपारी, गॅरेजमध्ये, फुकट मिळालं होतं.

तिचा जळफळाट झाला. याला दुसरा शब्द नाही, आणि तिनेही शोधला नाही.

फोटोखाली एक छोटं बटण होतं, ‘फोटोतली व्यक्ती ओळखीची आहे, दुसरा फोटो द्या.’ ते तिला दिसलं. तिने ते दाबलं नाही. चष्मा नीट केला आणि लिहायला घेतलं.

‘पार्श्वभूमी अव्यवस्थित. फावडं कशासाठी? एक डोळा मिटलेला आहे, म्हणजे फोटो निवडतानाच चूक झाली. तोंड अर्धवट उघडं. डावा हात हवेत निरर्थक तरंगतो आहे. हाताला काम द्या, नाहीतर त्याला फ्रेमबाहेर काढा.’

गुण, चार. तिने ‘पाठवा’ दाबलं.

“चहा टाकू का?” अतुलने स्वयंपाकघरातून विचारलं.

“टाक.”

“किती राहिले तुझे पेपर तपासायचे?”

“दोन.”

“सगळ्यांना नापास करू नकोस हं. बिचारे दुसऱ्यांदा बारावीला बसायचे.”

ती हसली नाही. तेवढ्यात जिन्यावरून अंतरा खाली आली. केस बांधलेले, पायात दोन वेगवेगळे मोजे. तिने फ्रिज उघडला आणि काय हवंय ते ठरेना म्हणून तशीच उभी राहिली.

“अंतरा, ते ऑक्टोबरमधले फोटो, माझे, तुला आवडले होते ना?”

“दे आर फाइन, मॉम.”

“फाइन म्हणजे?”

“फाइन म्हणजे फाइन. आजीला किती आवडले. शी प्रिंटेड इट, लाइक, हँड्रेड टाइम्स.”

“मी तुला विचारतेय.”

अंतराने दह्याचा डबा काढला. “आय लुक नाइस त्यात,” ती म्हणाली. मग खांदे उडवून म्हणाली, “आय लुक लाइक अ व्हेरी नाइस पर्सन.”

तू रुपालीकडे कधी गेली होतीस, हे मालिनीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते विचारलं तर फोटो कुठे पाहिला हेही सांगावं लागलं असतं. अंतरा चमचा तोंडात धरून वर निघून गेली. दार लागल्याचा आवाज आला.

मालिनीने उरलेले दोन फोटो उरकले. दोघांनाही आठ-आठ देऊन टाकले. औदार्य दाखवायला आता तिचं काही जात नव्हतं.

साडेचारला फोन वाजला. रुपाली.

“मालिनीताई, बिझी आहात का? एक विचारायचं होतं. तुम्हीपण त्या कॉन्टेस्टमध्ये एंट्री टाकलीये ना?”

“हो. का गं?”

“मीपण टाकली. पहिल्यांदाच. सांगणार होते तुम्हाला, पण एकीला प्रॉमिस केलं होतं. आता कुणीतरी एकदम खराब कमेंट केलीये. फोर दिलेत. म्हणे हात कापून टाका. गिव्ह द हँड अ जॉब ऑर टेक इट आउट ऑफ द फ्रेम. ताई, हे तर तुमचं वाक्य आहे ना? म्हणजे तुम्हीच शिकवलं होतं मला. म्हणून म्हटलं, तुम्हालाच विचारावं.”

मालिनीची कानशिलं तापली. रुपालीच्या आवाजात कुठे काटा आहे का, ते ती शोधत होती. सापडला असता तर बरं झालं असतं.

“पुस्तकांमध्ये असतं तसं,” ती म्हणाली. “खूप जण म्हणतात.”

“हो का? मला वाटलं तुमचंच आहे.” मग ती म्हणाली, “पण ताई, त्या हातासाठीच तर फोटो काढलाय. तो गेला तर काय उरलं? बघा, आता सांगूनच टाकते, तिला सांगू नका. अंतरा आहे फोटोत.”

“आपली अंतरा?”

“आपलीच. मार्चमध्ये आली होती माझ्याकडे. म्हणे, मावशी, मला कॉलेजच्या डॉर्ममध्ये लावायला आईचा फोटो पाहिजे. मी म्हटलं, मग घरून घे ना, तुझ्या घरी काय कमी फोटो आहेत! तर म्हणे, एकही नाही. सगळे आईने काढलेत, म्हणून आई कशातच नाही. ती खरंच सगळे बघून आली होती, ताई. हार्ड ड्राइव्ह वगैरे.”

मालिनीची नजर भिंतीवरच्या फोटोंवरून फिरली.

“मी म्हटलं, चल, जाऊन काढते आईचा. तर म्हणे, नको, शी विल फिक्स हर हेअर अँड लुक लाइक अ पासपोर्ट. मग मीच म्हटलं, बरं, आई कशी दिसते तूच दाखव मला. आणि ताई, काय सांगू! तिने एक डोळा मिटला, ट्रायपॉडमागे तुम्ही उभ्या राहता ना तशी उभी राहिली, आणि डावा हात असा खाली दाबत म्हणाली, ‘श्वास सोड.’ अगदी तुमचाच आवाज! मी हसले, ती हसली, तेवढ्यात क्लिक केलं. फावडं तसंच राहिलं मागे, ते चुकलंच माझं. पण हात कसा कापू?”

स्वयंपाकघरात अतुल गाळणीने चहा गाळत होता. मालिनीने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो टेबलावर पालथा पडला होता.

“ताई? ऐकताय ना?”

“ऐकतेय.”

“ती वर बसून सारखी पेज रिफ्रेश करतेय. मला मेसेज केला, हू इज धिस मीन पर्सन. मी काय सांगू तिला? तुम्हाला काय वाटतं, हात चुकलाय का?”

“विचार करून सांगते,” मालिनी म्हणाली आणि फोन ठेवला.

तिने सत्तावीस नंबर पुन्हा उघडला. या वेळी तिला अंतरा लगेच दिसलीच नाही. मिटलेला डोळा दिसला, जो ती स्वतः पंचवीस वर्षं मिटत आली होती आणि जो तिने कधीच पाहिला नव्हता. ‘सोड’ म्हणताना गोल झालेले ओठ दिसले. आणि तो हात. त्या हाताला काम नव्हतं असं कोण म्हणेल? समोरच्या माणसाची भीती तो अलगद खाली बसवत होता. आपण असं करतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पोरीने मात्र ते पाठ करून ठेवलं होतं, आणि गंमत म्हणजे, इतक्या मायेने.

त्याच्या बरोबर खाली तिचा शेरा होता. चार गुण. चारच ओळी, आणि त्यांत बोट ठेवावं अशी एकही चूक नव्हती.

घड्याळात पाचला बारा मिनिटं होती. गप्प राहिलं तर काहीच होणार नव्हतं. रुपाली ते पुस्तकातलं वाक्य आहे असं समजली असती, किंवा समजल्यासारखं केलं असतं. अंतरा ऑगस्टमध्ये तो फोटो घेऊन अ‍ॅन आर्बरला कॉलेजात गेली असती आणि तिथे आल्यागेल्याला तिने सांगितलं असतं, ही माझी आई, आणि याला कुण्या दुष्टाने चार दिले होते. कुणाला कळलं नसतं. मालिनीने हे सगळं नीट जोखून पाहिलं, नाही असं नाही. लाज म्हणजे काय ते तिला चांगलं माहीत होतं, आणि मंडळातल्या बायकांची तोंडंही माहीत होती.

अतुलने कप आणून ठेवला. “काय झालं?” त्याने विचारलं.

“काही नाही. अतुल, माझा एखादा फोटो आहे तुझ्याकडे?”

तो विचारात पडला. “लायसन्सचा असेल,” तो म्हणाला.

तिने शेऱ्याखालच्या ‘आणखी लिहा’वर क्लिक केलं. लाल अक्षरांत सूचना आली की आता तुमचं नाव सर्वांना दिसेल. तिने इंग्रजीत एक वाक्य लिहिलं आणि पुसलं. दुसरं लिहिलं, तेही पुसलं. शेवटी देवनागरी की-बोर्ड काढला. बाकीच्यांना नाही कळलं तरी चालणार होतं.

‘हात राहू द्या. चूक माझी आहे. मला हेवा वाटला.’

बटण दाबल्यावर खाली तिचं नाव उमटलं, आडनावासकट.

चहावर साय धरायला लागली. वरच्या मजल्यावर खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. मग दार उघडलं आणि जिन्यावर पावलं वाजली. नेहमीसारखी दोन-दोन पायऱ्या उड्या मारत नाही, एकेक करून.

अंतरा दारात येऊन उभी राहिली. हातात फोन होता. ती हसत नव्हती. डोळे लाल होते की काय, ते खिडकीच्या उजेडात मालिनीला नीट दिसेना.

“मॉम,” ती म्हणाली. “फोर?”

मालिनी नुसती बघत राहिली, श्वास छातीत धरून, खांदे कानांपर्यंत वर.

अंतराने फोन खिशात टाकला. मग तिने एक डोळा मिटला, डावा हात पुढे केला आणि पंजा हळूच खाली दाबला.

“श्वास सोड,” ती म्हणाली.